रानफुलांचे लाड करू नका

रानफुलं लावायची म्हटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, खत कुठलं घालू? आणि माझं उत्तरही ठरलेलं, काही घालू नका. मग समोरचा माझ्याकडे असा बघतो की जणू मी काहीतरी सिक्रेट फॉर्म्युला लपवून ठेवलाय. पण खरंच सांगते, कंपोस्ट, शेणखत, गांडूळखत, ते पाण्यात विरघळवायचे निळे-हिरवे दाणे, सगळं गुलाबाला ठेवा. रानफुलं उपाशीच बरी.

ह्याचा सगळ्यात भारी पुरावा इंग्लंडमधे आहे. रॉथमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात 1856 साली एका कुरणाचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. हेतू साधासुधा, चारा कशाने जास्त येतो ते बघायचं. चारा वाढला, त्यात वादच नाही, पण थोड्याच वर्षांत लक्षात आलं की खत खाल्लेल्या पट्ट्यांतली फुलं नाहीशी व्हायला लागलीयत. तो प्रयोग आजही चालू आहे! ज्या पट्ट्यांना कधीच काही घातलं नाही तिथे अजून 40च्या आसपास प्रकारच्या वनस्पती नांदतायत आणि ज्यांना वर्षानुवर्षं नत्र पाजलं त्यातल्या काहींमधे मोजून 2-3 प्रकार उरलेत, तेही गवताचे. कारण समजायला काही अवघड नाही. खाऊ-पिऊ भरपूर मिळालं की दोन-चार हावरी गवतं कंबरेएवढी वाढतात आणि वीतभर उंचीच्या बाकी मंडळींचं ऊनच तोडून टाकतात. गरीब जमिनीत कोणालाच फार माजता येत नाही, म्हणून सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते.

आपल्या सह्याद्रीतले सडे, म्हणजे माथ्यावरची सपाट कातळाची पठारं बघा ना. जांभा कातळावर कुठे दोन बोटं तर कुठे वीतभर माती, पावसाळ्यात तिचा चिखल, उन्हाळ्यात तवा तापावा तशी तापणार, आणि पोषण म्हणाल तर नावाला. तरी कासच्या पठारावर साडेआठशेच्या आसपास प्रकारच्या वनस्पतींची नोंद आहे, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते काही उगाच नाही. आणि तिथली माती इतकी कंगाल आहे की काही वनस्पतींनी सरळ किडे खायला सुरुवात केलीय. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावरचे ते चमकणारे थेंब चिकट असतात, चिलट बसलं की अडकलंच. सीतेची आसवं तर दिसायला एवढी नाजूक, जांभळी, गोड, पण चिखलात तिच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांच्या तोंडाशी सूक्ष्म जीव आला की दार आत उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत खेळ खलास. आता अशा झाडाला कोणी प्रेमाने कंपोस्ट घातलं तर त्याचं काय होणार ते सांगायला नको.

तर कुंडीसाठी माझं मिश्रण म्हणजे मुरूम किंवा जाडी वाळू निम्मी आणि साधी माती निम्मी, बास. कोकोपीट मी घालत नाही, कारण ते ओलं राहतं आणि बहुतेक रानफुलांना पाऊस ओसरल्यावर कोरडं व्हायला आवडतं. जमिनीचा तुकडा असेल तर उलट काम करायचं, म्हणजे तो सुपीक असेल तर त्याला हळूहळू गरीब करायचं. वर्षातून एकदा, बी पडून गेल्यावर, सगळं कापायचं आणि कापलेलं तिथे न ठेवता उचलून दुसरीकडे टाकायचं. तिथेच पडू दिलं तर कुजून परत खत होणार आणि पहिले पाढे पंचावन्न. युरोपात कुरणं परत उभी करणारे लोक ह्यासाठी एक भन्नाट झाड वापरतात, यलो रॅटल नावाचं, पिवळ्या फुलांचं, अर्धं परजीवी. स्वतःची पानं हिरवीगार, पण खालून गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस पितं. गवत जरा नरम पडलं की बाकीच्या फुलांना शिरकाव करता येतो. बाय द वे, इंग्लंड आणि वेल्समधली फुलांनी भरलेली 97 टक्के कुरणं 1930 नंतरच्या पन्नासेक वर्षांत गेली आणि त्यात नांगर आणि खत दोघांचाही मोठा हात आहे.

आता बियांकडे येऊ, कारण खताच्या खालोखाल लोकांचं इथे अडतं. मेथी किंवा झेंडू टाकला की चार दिवसांत मोड दिसतो, त्याची सवय झालेली असते, मग रानातलं बी पंधरा दिवस काहीच करत नाही म्हटल्यावर माणूस कुंडी उकरून बघतो आणि वैतागून तिच्यात दुसरंच काहीतरी लावून मोकळा होतो. अहो, बी मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. शेतातल्या बियाण्याची ही झोप माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून काढून टाकलीय, सगळं एकदम उगवलं पाहिजे ना. रानात मात्र सगळी पोरं एकाच वेळी बाहेर पडणं म्हणजे जुगार, पहिल्या सरीनंतर महिनाभर पाऊसच नाही आला तर? म्हणून काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे.

किती पुढे, ह्याची एक गोष्ट मला प्रचंड आवडते. 1879 मधे अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने 20 बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळू आणि 21 प्रकारच्या वनस्पतींच्या प्रत्येकी 50 बिया, आणि कॉलेजच्या आवारात पुरून टाकल्या. ठराविक वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय उगवतंय ते बघायचं. आधी दर 5 वर्षांनी काढायचे, मग 10, आता 20. 2020 ची बाटली कोरोनामुळे राहिली ती 2021 मधे काढली, तीही पहाटेच्या अंधारात, कारण जरासा उजेड लागला तरी राहिलेल्या बाटल्यांमधल्या बिया जाग्या होतील ही भीती. आणि त्या बाटलीतल्या मुलीनच्या, म्हणजे एका उंच पिवळ्या रानफुलाच्या बिया 140 वर्षांनंतर उगवल्या! पुढची बाटली 2040 ला. बीलसाहेब कधीच गेले, पण प्रयोग एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातोय आणि बाटल्या नक्की कुठे पुरल्यात त्याचा नकाशा मोजक्याच लोकांकडे असतो.

बरं, तर ही झोप मोडायची कशी? ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. खुळखुळा, तरवड ही शेंगावाली मंडळी घ्या, त्यांचं कवच इतकं टणक की पाणीच आत जात नाही. बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासायचं, आतला फिकट रंग जेमतेम दिसला की थांबायचं, मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी जे फुगून दुप्पट झालेत ते पेरायचे, जे तसेच टणक आहेत ते परत घासायचे. पावसाळी तेरड्याला ह्यातलं काहीही लागत नाही, त्याला फक्त एक कडक कोरडा उन्हाळा काढू द्या, कागदाच्या पुडीत, गरम खोलीत चालेल. पाऊस संपता संपता पडलेलं बी तसंही जूनपर्यंत तापतच असतं, त्या तापण्यानेच हळूहळू त्याची झोप उतरते. थंड प्रदेशातल्या फुलांचं नेमकं उलटं, त्यांना हिवाळा होऊन गेल्याची खात्री पटावी लागते, म्हणून ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमधे दीड-दोन महिने ठेवतात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या काही वनस्पतींना तर धूर लागतो, वणवा जाऊन गेला म्हणजे आता मैदान मोकळं, असा त्यांचा हिशोब. धुरातला कुठला पदार्थ हे करतो ते 2004 मधे सापडलं आणि आता तिकडचे लोक धुराचं पाणी करून त्यात बी भिजवतात. आणि धुळीसारखं बारीक बी असेल तर मातीत गाडायचंच नाही, वर भुरभुरवून हाताने नुसतं दाबायचं, अशा बऱ्याच बियांना उगवायला उजेड लागतो. खोल गाडलंत तर रुजायला उजेड नाही आणि रुजलंच तर वर यायला ताकद नाही.

ऑर्किडच्या बीपासून सुरुवात करू नका प्लीज. एका बोंडात लाखांनी बी असतं हे खरं, पण त्यात शिदोरीच नसते, योग्य ती बुरशी भेटली तरच ते रुजतं. ते काम प्रयोगशाळेवाल्यांना करू दे.

एक सवय मात्र सुरुवातीपासून लावून घ्या. जे काही पेराल त्याच्या दहा-बारा बिया एका छोट्या वेगळ्या कुंडीत पेरून त्यावर पेन्सिलीने नाव लिहून ठेवा (मार्कर उन्हात उडतो, पेन्सिल नाही). मोठ्या वाफ्यात पन्नास प्रकारची हिरवी टोकं वर आली की त्यातलं आपलं कुठलं आणि आगंतुक कुठलं हे कळत नाही, तेव्हा ह्या कुंडीशी ओळख परेड करायची. नाहीतर काय होतं, कोणीतरी उत्साहाने रविवारी सकाळी सगळं 'तण' काढून टाकतं आणि महिनाभराने विचारतं, काही आलंच नाही का?

आता बी आणायचं कुठून. ऑनलाईन 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' नावाची सुंदर पाकिटं मिळतात, त्यांच्यावर माझा राग आहे. पाकिटावर फुलपाखरं, आत काय बघावं तर कॉसमॉस, गैलार्डिया, झिनिया, म्हणजे अर्धी मेक्सिको-अमेरिकेतली मंडळी. तिकडे ती रानफुलंच आहेत, कोणाचं काही म्हणणं नाही, पण इकडे ती बागेतून निसटली की वेगळंच प्रकरण होतं. तो भगवा-पिवळा कॉसमॉस आता रस्त्यांच्या कडेने, डोंगर उतारांवर किती पसरलाय बघा, लोक थांबून त्यात फोटो काढतात, निसर्ग म्हणून. घाणेरीचंही असंच झालं होतं, शोभेचं झाड म्हणून आणली, आज देशभरातल्या जंगलांत तिच्या जाळ्या माजल्यात. पाकिट घ्यायचंच असेल तर मागे प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव लिहिलंय का बघा, नसेल तर ठेवून द्या. आणि नाव बरोबर असलं तरी एक गोष्ट राहतेच, बी कुठून आलंय. एकाच जातीचं झाड पाचशे किलोमीटरवर वेगळ्या पावसाला, वेगळ्या मातीला सरावलेलं असतं, फुलायची वेळसुद्धा मागेपुढे असते. त्यामुळे जितक्या जवळचं बी तितकं चांगलं.

जवळचं म्हणजे रानात जाऊन ओरबाडायचं असं नव्हे. अभयारण्यात, राखीव जंगलात परवानगीशिवाय बी किंवा रोप उचलणं बेकायदा आहे, आणि बेकायदा नसतं तरी सड्यावरून कंद उपटून आणणाऱ्याला माझा नमस्कारच. रस्त्याच्या कडा, शेताचे बांध (मालकाला विचारून), लवकरच बुलडोझर फिरणार आहे असे प्लॉट, ह्या जागा धरा. बियांच्या बँकावाल्यांचा एक नियम आहे, त्या दिवशी जेवढं पिकलेलं बी दिसतंय त्याच्या 20 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, आणि एकाच झाडाचं न घेता शक्य तितक्या जास्त झाडांवरून थोडं थोडं घ्यायचं. हौशी लोकांनी ह्याच्या निम्म्यावरच थांबावं असं माझं मत. झाड दुर्मिळ असेल तर फक्त फोटो काढा.

तेरड्याचं बी गोळा करणं हा एक स्वतंत्र आनंद आहे. बोंड फुगून फिकट हिरवं झालं, त्याच्यावरच्या रेघा ताणल्यासारख्या दिसायला लागल्या की वेळ भरली. हात लावला की फट्, पाचही पाकळ्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि तपकिरी गोल बी चहूकडे उडतं, निम्मं आपल्या बाहीत. म्हणून आधी कागदी पाकिट खालून वर सरकवत बोंड त्यात घ्यायचं, तोंड चिमटीत धरायचं आणि मग बाहेरूनच हलकं दाबायचं, आत टपटप आवाज येतो. कागदीच घ्या हं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि दोन दिवसांत बुरशी. पाकिटावर तारीख, जागा, जमीन कशी होती, ऊन की सावली, एवढं लिहून ठेवलं की पुढच्या वर्षी दुवा द्याल.

इतका उपद्व्याप कशाला, शोभेची झाडं काय वाईट आहेत, असं विचारणारे असतात. वाईट काही नाहीत, माझ्याकडेही दोन आहेत. पण त्यांची पानं कोण खातं? झाड लावून वर्ष झालं तरी एकाही पानाला भोक नाही, ह्याचं लोकांना कौतुक वाटतं, मला जरा धडकीच भरते. फुलपाखरं मधासाठी कुठल्याही फुलावर येतील, पण अंडी घालताना त्यांचे नखरे असतात. साधा वाघ्या, म्हणजे प्लेन टायगर, रुई आणि तिच्या भाऊबंदांवरच अंडी घालतो. अमेरिकेतल्या मोनार्कच्या अळ्यांनाही रुईचेच तिकडचे नातेवाईक लागतात, दुसरं काही चालत नाही. आणि अळ्या फक्त फुलपाखरांच्या कामाच्या नसतात. डग्लस टॅलमी नावाचे तिकडचे कीटकशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा हिशोब वाचून मी थक्क झाले होते, चिकडी नावाच्या चिमणीएवढ्यासुद्धा नसलेल्या पक्ष्याला पिल्लांची एक वीण वाढवायला 6 ते 9 हजार अळ्या लागतात. एका विणीला! आता भोक न पडणाऱ्या पानांच्या बागेत त्या कुठून आणायच्या.

खुळखुळ्याच्या वाळक्या फांदीची गंमत तर बघाच एकदा. वाळून गेला म्हणून उपटून टाकू नका, तशीच फांदी उन्हात राहू द्या. वाघ्या जातीच्या फुलपाखरांचे नर येऊन त्या सुकलेल्या खोडाला सोंड लावून तासन् तास बसतात, हलवलं तरी उठत नाहीत. त्यात मध नसतोच, त्यांना हवी असतात त्यातली कडू रसायनं, ती वापरून मादीला रिझवायचा गंध तयार होतो. म्हणजे मेलेल्या झाडालाही गिऱ्हाईक आहे.

सगळ्यात अवघड हिशोब कंदीलपुष्पांचा. सह्याद्रीत ह्यांच्या कितीतरी जाती आहेत, त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. फूल म्हणजे खाली फुगीर, वर नळी, टोकाला पाकळ्या जुळून केलेला छोटासा कंदील. वासाने बारीक माशी येते, नळीत घसरते, आतल्या केसांची टोकं खालच्या दिशेने असल्यामुळे वर चढता येत नाही, कोंडली जाते. मग परागांची पिशवी तिला चिकटते, फूल जरा कोमेजलं, केस सुकले की सुटका, आणि ती बया दुसऱ्या कंदिलात जाऊन पडते. आफ्रिकेतल्या एका जातीवर 2016 मधे अभ्यास आला, ते फूल चक्क जखमी मधमाशीचा वास सोडतं, कारण त्या माश्या कोळ्याने पकडलेल्या मधमाश्यांचा रस प्यायला येत असतात. आता असं झाड तुम्ही कुंडीत वाढवलंत, फुलवलंत, पण ती माशीच तुमच्याकडे नाही, मग बी कसं धरणार? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ह्या कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलंय, विद्यापीठाच्या बागेत ती जपलीयत, आणि हे काम किती चिकाटीचं असेल ह्याचा अंदाज वरच्या माशीवरून यावा.

म्हणून मला बागेतल्या संवर्धनाबद्दल फार टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत, करते मीही, पण ते दुय्यम आहे. मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मॅरॉन नावाचं एक झुडूप नामशेष झालं असं धरून चालले होते, 1980 च्या सुमारास एका शाळकरी पोराला ते दिसलं, जगात उरलेलं एकुलतं एक. भोवती कुंपण घालावं लागलं कारण लोक औषधी म्हणून फांद्या तोडायला लागले. 1986 मधे फांद्या विमानाने लंडनच्या क्यू बागेत गेल्या, तिथे कलम जगलं, फुललं, पण बी काही धरेना. पहिलं बी मिळालं 2003 मधे, एवढ्या जगप्रसिद्ध बागेत, सगळे तज्ज्ञ हाताशी असताना! बियांच्या बँका हव्यातच, पण तिथेही बी आधी नीट वाळवून मग उणे 20 अंशांत ठेवतात, आणि जे बी वाळलं की मरतंच, आंब्यासारखं, ते त्या कपाटात राहूच शकत नाही.

आणि दुसरीकडे, आहे ती जागा आपण चांगल्या हेतूने घालवतो. पावसाळा आला की बीजगोळे फेकायच्या मोहिमा निघतात, सड्यावर, गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावतात, कारण झाड नाही म्हणजे जागा ओसाड. अरे बाबांनो, ती जागा भरलेली आहे, फक्त जूनपासून ऑक्टोबरपर्यंत येऊन बघा, बाकीचे महिने सगळे जमिनीखाली असतात, कंद, बी, गड्डे. दोन बोटं मातीत खड्डा मारला की नेमकं तेच बाहेर फेकलं जातं. सावली करणारी झाडं जगली तर अजून वाईट, ऊन लागणाऱ्या फुलांचं तिथे काय काम. जिथे जंगल तुटलंय तिथे लावा ना झाडं, तिथलीच लावा, कोणी अडवलंय.

सुरुवात करायची असेल तर तेरडा, मग खुळखुळा, मग तरवड, ह्या क्रमाने जा. रुई कुंडीपेक्षा जमिनीत बरी, आणि तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कळलावी बघून सगळ्यांनाच मोह होतो, ज्वाळेसारखी फुलं आहेत, मोह होणारच, कंद लावताना त्याचं टोक मोडणार नाही एवढं बघा कारण कोंब तिथूनच फुटतो. पण पूर्ण झाड विषारी आहे, कंद तर फारच, त्यामुळे घरात लहान मूल किंवा सगळं चावून बघणारं कुत्रं असेल तर ती लावू नका, तिच्याऐवजी अजून एक कुंडी तेरडा लावा.